लिव्हरपूलमध्ये एक दिवस, शहर आणि ॲनफिल्डवरचा सामना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी शहर आणि दुपारी सामना, हे एका दिवसात खरंच बसतं का?

बसतं, कारण शहराची ठेवणच तशी आहे. लाइम स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडलं की मर्सी नदीचा काठ पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, आणि बघण्याजोगं बहुतेक सगळं याच पट्ट्यात आहे. लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं मैदान, ॲनफिल्ड, तेवढं वेगळ्या दिशेला, सुमारे तीन किलोमीटरवर, चढावर. सामन्यासाठी जाणं, येणं आणि सामना मिळून साडेचार ते पाच तास बाजूला काढावे लागतात. उरलेल्या वेळात शहर बघायचं, असा उलटा हिशेब घातला तर दिवस छान जातो. आधी शहराची यादी करून मग सामना त्यात कोंबायला गेलं की दोन्हीचा विचका होतो.

आधी काय बुक करायचं: विमान, हॉटेल की सामन्याचं तिकीट?

तिकीट. ते हातात नसताना बाकी काहीही पक्कं करू नका.

वेळापत्रक तर जूनमध्येच जाहीर होतं. मग तारीख बदलते म्हणजे काय?

प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल स्पर्धेत, २० संघ असतात आणि प्रत्येकाचे ३८ सामने, त्यातले १९ घरच्या मैदानावर. जूनमध्ये जी यादी येते तिच्यात बहुतेक सामने शनिवारी दुपारी ३ वाजता दाखवलेले असतात. पुढे टीव्हीवाले आपापले सामने निवडतात आणि ते शनिवार १२.३०, शनिवार ५.३०, रविवार २ किंवा ४.३०, नाहीतर सोमवार रात्री ८ असे हलतात. लिव्हरपूलसारख्या लोकप्रिय संघाचे सामने तर हमखास हलतात. दुसरा संघ चषकाच्या स्पर्धेत पुढे गेला तरीही सामना उचलून भलत्याच आठवड्यात टाकला जातो.

म्हणून यादीतला 'शनिवार' हा 'शुक्रवार ते सोमवार' असा वाचायचा. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचून मंगळवारी निघणारा सगळ्यात बिनघोर. टीव्हीची निवड जाहीर होईपर्यंत पैसे परत न मिळणारं हॉटेल किंवा ठरावीक गाडीचंच चालणारं स्वस्त रेल्वे तिकीट घेऊ नका.

ॲनफिल्डचं तिकीट मिळतं कुठे?

सरळ मार्ग दोनच आहेत.

पहिला, क्लबचं सभासदत्व. वर्षाची फी भरून सभासद व्हायचं, मग सभासदांच्या विक्रीसाठी नोंदणी करायची. मागणी इतकी असते की तिकिटं सोडतीने दिली जातात. मोसमाच्या पूर्वार्धातल्या सामन्यांची नोंदणी मोसम सुरू होण्याआधी, उन्हाळ्यातच होते. 'ऑक्टोबरात जायचंय, सप्टेंबरात बघू' असा बेत असेल तर तेव्हा नोंदणी उलटून गेलेली असते. सामना जवळ आला की परत आलेली थोडी तिकिटं सभासदांसाठी पुन्हा खुली होतात. तिथे तासन्‌तास पान उघडं ठेवून बसायची तयारी लागते. आणि सभासदत्व म्हणजे तिकीट नव्हे. तो फक्त रांगेत उभं राहण्याचा हक्क. सोबतचा प्रत्येक जण स्वतंत्र सभासद असावा लागतो, हे बरेच जण विसरतात.

दुसरा, क्लबचं हॉस्पिटॅलिटी पॅकेज. त्यात खुर्चीबरोबर खाणंपिणं आणि बसायला लाउंज मिळतो. साध्या तिकिटाच्या कित्येक पट महाग, पण खात्रीचं. परदेशातून एकदाच यायचं असेल आणि तारीख चुकवून चालणार नसेल, तर सोडतीवर भिस्त ठेवण्यापेक्षा हा खर्च आम्हाला शहाणपणाचा वाटतो. पॅकेज क्लबच्या संकेतस्थळावरून किंवा क्लबने तिथे नाव जाहीर केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

सोशल मीडियावर किंवा पुनर्विक्रीच्या साइटवर तिकिटं दिसतात. ती घ्यावीत का?

नाही. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्टच्या कलम १६६ खाली गुन्हा आहे. क्रिकेटच्या किंवा मैफलीच्या तिकिटाला हा नियम नाही, फुटबॉलला मात्र आहे. विकणारा गुन्हेगार ठरतो, पण दारातून परत फिरावं लागतं ते विकत घेणाऱ्याला. बहुतेकदा तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तरी सभासदत्वावरचा पास पाठवला जातो. तो सामन्याआधी रद्द झाला की दाराशी लाल दिवा लागतो आणि पैसे गेले ते गेलेच.

मोबाइलमधलं तिकीट नेमकं कसं चालतं?

कागद नाही, क्यूआर कोडचा स्क्रीनशॉटही नाही. ॲपल वॉलेट किंवा गूगल वॉलेटमध्ये एनएफसी पास (फोन नुसता टेकवून चालणारा) उतरवून घ्यायचा आणि टर्नस्टाईलच्या, म्हणजे फिरत्या दाराच्या, रीडरला फोन टेकवायचा. गडबड इथेच होते:

- पास मैदानाजवळ जाऊन उतरवू म्हटलं तर साठ हजार लोकांच्या गर्दीत नेटवर्क बसलेलं असतं. हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्रीच उतरवा.
- अँड्रॉइडवर एनएफसी बंद असतं किंवा जुन्या फोनमध्ये ते नसतंच. घरून निघण्याआधी तपासा.
- चौघांचे पास एकाच फोनवर ठेवले की दाराशी खोळंबा होतो. ज्याचा पास त्याच्या फोनवर.
- दिवसभर फोटो आणि नकाशा वापरून संध्याकाळी फोन मान टाकतो. खिशात मावणारी पॉवर बँक ठेवा.

ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं, म्हणून फोटो असलेलं काहीतरी जवळ असू द्या.

तिकीट मिळालंच नाही तर आलेला दिवस वाया जातो का?

मुळीच नाही. शहरातला दुसरा क्लब एव्हर्टन, त्यांचं नवं हिल डिकिन्सन स्टेडियम २०२५ मध्ये ब्रॅमली-मूर डॉकवर, अगदी नदीकाठी उभं राहिलं. सुमारे ५३,००० क्षमता, आणि तिथलं तिकीट ॲनफिल्डच्या मानाने आवाक्यातलं असतं. मर्सीरेल या स्थानिक रेल्वेच्या सँडहिल्स स्टेशनापासून पायी पंधरा-वीस मिनिटं. एव्हर्टनने सोडलेलं गुडिसन पार्क आता त्यांच्या महिला संघाचं घर आहे, तिथली तिकिटं त्याहूनही सहज मिळतात.

पबमध्ये सामना बघायचा विचार असेल तर एक गोम लक्षात ठेवा. शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही. लोकांनी टीव्हीपुढे न बसता मैदानावर जावं म्हणून ही जुनी बंदी आहे. म्हणजे ३ वाजताचा जो सामना जगभर दिसतो, तो मैदानापासून शंभर मीटरवरच्या पबमध्ये दिसत नाही.

किक-ऑफच्या वेळेप्रमाणे दिवस कसा आखायचा?

*दुपारी ३:* सकाळी ९ ते दुपारी १ शहर, मग थेट मैदान. चार तासांत नदीकाठ आणि एक चर्च नीट होतं, त्याहून जास्त नाही.

*दुपारी १२.३०:* सकाळ विसरा, न्याहारी करून निघायचं. सामना अडीचच्या आसपास संपतो, शहरात परत येईतो साडेतीन. संग्रहालयं साधारण १० ते ५ उघडी असतात, म्हणजे एखादंच पदरात पडेल. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा आधी नदीकाठ गाठा, संग्रहालय नंतर.

*संध्याकाळी ५.३०:* पर्यटकासाठी सगळ्यात सोयीची वेळ. साडेतीनपर्यंत शहर तुमचंच.

*रात्री ८:* युरोपीय स्पर्धांचे मंगळवार-बुधवारचे आणि लीगचे सोमवारचे सामने. पूर्ण दिवस मोकळा मिळतो, पण मुक्काम लिव्हरपूललाच करावा लागतो. सोमवारी जात असाल तर बरीच संग्रहालयं बंद असतात.

सामना ४५-४५ मिनिटांचा, मध्यंतर १५ मिनिटांचं. भरपाईची वेळ धरून किक-ऑफपासून दोन तास पकडा.

शहरात कुठून सुरुवात करून कुठे संपवावं?

वरून खाली या आणि बस जिथून सुटते तिथे संपवा. हा क्रम पायांना सोसतो.

लाइम स्ट्रीटहून होप स्ट्रीटला चढून जा, पंधरा मिनिटं लागतात. या रस्त्याच्या दोन टोकांना दोन कॅथीड्रल आहेत. दक्षिणेकडचं अँग्लिकन कॅथीड्रल ब्रिटनमधलं सर्वांत मोठं. १९०४ मध्ये पायाभरणी झाली, काम संपलं १९७८ मध्ये. वास्तुकार गाइल्स गिल्बर्ट स्कॉट, ज्यांनी ब्रिटनचा तो प्रसिद्ध लाल टेलिफोन बूथही घडवला. त्यांनी कॅथीड्रलमध्येही एक बूथ ठेवला असेल या आशेने शोधायला जा, निराश होणार नाही. आत प्रवेश मोफत, १०१ मीटर उंच मनोऱ्यावर जायला तिकीट. आकाश स्वच्छ असेल तरच ते घ्या.

उत्तरेकडचं गोल, मुकुटासारखं कॅथलिक कॅथीड्रल १९६७ चं. त्याच्या खालचं तळघर मात्र बरंच आधीचं आणि ते एडविन ल्यूटेन्स यांचं. नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन बांधणारे तेच. रोमच्या सेंट पीटर्सहून मोठा घुमट इथे उभारायचा त्यांचा आराखडा होता. युद्ध आलं, पैसे आटले आणि तळघरावरच काम थांबलं. विटांचं ते तळघर बघताना न झालेल्या इमारतीचा अंदाज येतो. शहरातल्या एकाच वास्तूला वेळ असेल तर आम्ही याला देऊ.

मग बोल्ड स्ट्रीटने खाली उतरत रॉयल अल्बर्ट डॉकला जा. १८४६ मधली ही गोदामं बिडाचं लोखंड, वीट आणि दगड यांनी बांधली, सांगाड्यात लाकूड वापरलं नाही, कारण कापूस, साखर आणि दारूच्या गोदामांना आगीचं भय असे. तिथून काठाने चालत पियर हेडला दहा मिनिटं. तिथल्या तीन भव्य इमारतींपैकी रॉयल लिव्हर बिल्डिंगच्या (१९११) मनोऱ्यांवर दोन तांब्याचे पक्षी आहेत. लिव्हरपूल क्लबच्या चिन्हावरचा पक्षी तोच. नदीची फेरी इथूनच सुटते, सुमारे ५० मिनिटांची. ३ वाजताचा सामना असेल तर ती वगळा.

पियर हेडवरून मॅथ्यू स्ट्रीटमार्गे सेंट जॉर्जेस हॉलला पोहोचा. हॉलच्या बाजूच्या सेंट जॉन्स लेनवरून मैदानाची बस मिळते. एकाच कॅथीड्रलच्या आत गेलात तर हा सगळा फेरा, थांबे धरून, साडेतीन-चार तासांचा.

बीटल्ससाठी किती वेळ ठेवायचा?

सामन्याच्या दिवशी अर्धा तास. पियर हेडवरचा त्यांचा पुतळा आणि मॅथ्यू स्ट्रीट एवढंच बघा. बीटल्स जिथे वाजवायचे त्या तिथल्या कॅव्हर्न क्लबची मूळ जागा १९७३ मध्ये बंद झाली, आजचा क्लब १९८४ मध्ये त्याच ठिकाणी पुन्हा बांधलेला आहे. अल्बर्ट डॉकवरच्या 'बीटल्स स्टोरी' या संग्रहालयाला दीड-दोन तास लागतात आणि चौघांच्या बालपणीच्या घरांची बसफेरी त्याहून मोठी. ती दोन्ही दुसऱ्या दिवसाची कामं.

कोणती संग्रहालयं बंद आहेत?

टेट लिव्हरपूल २०२३ च्या शरदापासून आणि सागरी तसंच गुलामगिरीचं संग्रहालय २०२५ च्या सुरुवातीपासून मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झाली. जुन्या प्रवासलेखांत ती 'अवश्य पाहा' म्हणून सापडतील. जाण्याआधी त्यांचं संकेतस्थळ बघा. पियर हेडवरचं म्युझियम ऑफ लिव्हरपूल मोफत आहे, आणि तासाभरात शहर समजून घ्यायला पुरेसं.

मैदानावर कसं जायचं?

ॲनफिल्डला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. यामुळेच नवखे लोक उशिरा पोहोचतात.

बस: सामन्याच्या दिवशी शहराच्या मध्यातून ९१७ क्रमांकाची जलद बस धावते. शिवाय लिव्हरपूल वन बसस्थानकावरून २६ आणि क्वीन स्क्वेअरवरून १७. बसमध्ये संपर्करहित कार्ड चालतं. मर्सीरेलने आलात तर सँडहिल्सला उतरून सॉकरबस, म्हणजे मैदानाला जाणारी सामन्याच्या दिवसाची बस, पकडा.

पायी: मध्यापासून ४५ ते ५० मिनिटं, जाताना चढ. कोरड्या दिवशी जमतं, पण सकाळपासून आठ किलोमीटर तुडवून झाले असतील तर बसच बरी.

टॅक्सी: जाताना ठीक, तरी मैदानाजवळचे रस्ते बंद असल्याने थोडं अलीकडेच उतरावं लागतं. स्वतःची गाडी नकोच. आसपासच्या गल्ल्यांत सामन्याच्या दिवशी फक्त रहिवाशांना पार्किंग असतं, आणि दंड भाड्याच्या गाडीलाही होतो.

किती आधी पोहोचावं? बाहेर बघण्यासारखं काय आहे?

किक-ऑफच्या दीड तास आधी. अर्धा तास बाहेर, मग आत.

कोप स्टँडपाशी क्लबचे जुने मॅनेजर बिल शँक्ली यांचा पुतळा आहे. मेन स्टँडच्या बाजूला हिल्सबरो स्मारक आहे. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत जखमी होऊन दगावलेल्या ९७ जणांची नावं तिथे कोरली आहेत. तिथे हसत सेल्फी काढू नका, आवाज खाली ठेवा. दुर्घटनेनंतर चाहत्यांवर खोटे आरोप छापणारं 'दि सन' हे वृत्तपत्र या शहरात आजही बरेच लोक हातात धरत नाहीत. तुम्हीही विमानतळावरून ते उचलून आणू नका.

आपल्या खुर्चीवर किक-ऑफच्या निदान पंधरा मिनिटं आधी बसलेलं असावं. संघ मैदानात येताना सगळं स्टेडियम क्लबचं गीत गातं, मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून. ते चुकलं तर अर्धा पैसा बुडाला म्हणा.

'कोप' म्हणजे काय? तिथेच बसावं का?

गोलपोस्टच्या मागचा एकसंध, उभ्या चढणीचा स्टँड. नाव आलं दक्षिण आफ्रिकेतल्या स्पायन कोप टेकडीवरून. बोअर युद्धात जानेवारी १९०० मध्ये तिथे मोठी लढाई झाली. त्या लढाईत जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात तरुण मोहनदास गांधी होते. या स्टँडमध्ये बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

आवाज, गाणी हवी असतील तर कोप. खेळाची रचना, बचावफळी कशी सरकते ते बघायचं असेल तर मेन स्टँड किंवा समोरचा सर केनी डॅलग्लिश स्टँड बरा. कोपमध्ये लोक बराच वेळ उभे असतात, लहान मुलांना काही दिसत नाही. मुलं असतील तर तिथलं तिकीट घेऊ नका.

सामानाची बॅग नेता येते का?

ए-४ कागदाएवढी छोटी पिशवी, त्याहून मोठं काही नको. पाठीवरची बॅग आणि चाकाची सुटकेस हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून या, खोली सोडली असली तरी ते दिवसभर सांभाळतात. मोठी छत्री, काचेची बाटली, लांब लेन्सचा कॅमेराही नको. मोबाइलने फोटो काढायला हरकत नाही. आत रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागतं.

कोणते कपडे घालावेत?

नदीवरून येणारा वारा ऑगस्टातही झोंबतो. एकावर एक असे पातळ थर, वर पाणी न झिरपणारं जॅकेट, आणि डिसेंबर-जानेवारीत जाड मोजे. दोन तास एका जागी बसून आधी पावलं गारठतात. खुर्च्यांवर छत आहे, तरी पुढच्या रांगांत तिरका पाऊस येतो.

यजमानांच्या भागात बसून पाहुण्या संघाची जर्सी घालू नका, त्यांच्या गोलवर उठून नाचूही नका. सुरक्षारक्षक बाहेर काढतात, आणि ते तुमच्याच भल्यासाठी असतं. दोन्ही संघांची नावं असलेला अर्धा-अर्धा मफलर बाहेर विकायला असतो. आठवण म्हणून घ्या हवा तर, पण गळ्यात घालून आत गेलात की स्थानिक लोक गालात हसतात.

आत बिअर मिळते का?

मिळते, पण स्टँडखालच्या मोकळ्या भागातच प्यायची. मैदान दिसेल अशा जागी दारू नेणं १९८५ च्या कायद्याने बंद आहे. दारू चढलेल्याला दारातूनच परत पाठवतात. मध्यंतरात रांगा लांबतात, म्हणून ४० व्या मिनिटाला उठणारे बरेच असतात आणि गोल नेमका तेव्हाच होतो. सिगारेट आणि व्हेप सगळीकडे बंद.

शाकाहारी माणसाने काय खावं?

पोट शहरातच भरून घ्या. बोल्ड स्ट्रीटवर मध्यपूर्वेकडचं, भारतीय, व्हीगन असं भरपूर मिळतं. स्थानिक पदार्थ म्हणजे स्काउस, मांस आणि बटाट्यांचा रस्सा. बिनमांसाच्या स्काउसला 'ब्लाइंड स्काउस' म्हणतात, ते मागून बघा. मैदानात मुख्यतः 'पाय' (आत सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि चिप्स. शाकाहारी पर्याय असतो, पण मध्यंतरापर्यंत उरेलच असं नाही.

आदल्या दिवशी आलो तर स्टेडियम टूर करावी का?

आदल्याच दिवशी करा. सामन्याच्या दिवशी ड्रेसिंग रूम दाखवणारी नेहमीची टूर नसते. बाहेर पडून स्टॅन्ली पार्कमधून पलीकडे गेलं की गुडिसन पार्क. दोन्ही मैदानांत जेमतेम एक किलोमीटरचं अंतर. १८८४ ते १८९२ ॲनफिल्डवर एव्हर्टनच खेळत होतं. भाड्यावरून मैदानाचे मालक जॉन हूल्डिंग यांच्याशी बिनसलं, एव्हर्टन बाहेर पडलं, आणि रिकाम्या मैदानासाठी लिव्हरपूलचा जन्म झाला.

सामना संपल्यावर त्याच रात्री लंडनला परतता येतं का?

३ वाजताचा सामना असेल तर येतं. लाइम स्ट्रीट ते लंडन युस्टन सव्वादोन तासांच्या आसपास. मात्र मैदान ते स्टेशन एक तास धरा आणि सातच्या आधीची गाडी घेऊ नका. ५.३० च्या सामन्यानंतर तो जुगार आहे, आणि रात्री ८ च्या सामन्यानंतर अशक्यच. मँचेस्टरला मुक्काम असेल तर गाड्या उशिरापर्यंत असतात, पाऊण तासात पोहोचता. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस मिळते, तेव्हा आदल्या दिवशी तपासा.

परतताना बसच्या रांगेत अर्धा तास जातो. तेवढ्यात उताराने निम्मं अंतर चालून होतं. पाऊस नसेल तर गर्दीबरोबर चालत सुटा, वाट विचारावी लागत नाही.

व्हिसा कोणता लागतो?

भारतीय पासपोर्टवर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. सामन्याचं तिकीट अर्जाला जोडलं तरी त्याने व्हिसा मिळतोच असं नाही. बघितलं जातं ते उत्पन्न, खात्यातली शिल्लक आणि परत येण्याची कारणं. शेंगेन व्हिसा ब्रिटनला चालत नाही. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमच्या सहलीला लिव्हरपूल जोडायचं असेल तर दोन वेगळे अर्ज, आणि दोन्हीकडे एकाच वेळी पासपोर्ट देता येत नाही, हे धरून तारखा मांडा.